पोरगं आयटीआयला टाकलं म्हणे

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे दोनच प्रश्न विचारतात. किती पडले, आणि आता कुठं टाकता. दुसरा प्रश्न पोराला कुणी विचारतच नाही, तो बापाला विचारतात, आणि बापाचं उत्तर पहिल्या प्रश्नावरच ठरून गेलेलं असते. ऐंशीच्या वर असले तर सायन्स, जमलं तर नागपूर नाहीतर अमरावती. साठ-सत्तर असले तर तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात पण सायन्सच, कारण आर्ट्सला टाकलं तर भाऊबंद काय म्हणतील. आणि पन्नासच्या खाली आले की घरातला एखादा मामा नाहीतर मोठे बाबा हमखास बोलतात, "टाकून द्या आयटीआयले, काही तरी हुन्नर येईन हातात." बाजार समितीत व्यापारी कसा गाडीतल्या कापसात हात खुपसून मूठभर कापूस काढते, डोळ्यासमोर धरते आणि भाव बोलून पुढच्या गाडीकडे निघून जाते, अगदी तसं. फरक एवढाच की इथं ज्याचा भाव बोलला जाते ते पोरगं तिथंच बाजूला उभं राहून ऐकत असते.

माझं तालुक्याला ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे, यवतमाळ जिल्ह्यात. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला सगळंच करते पण मे ते ऑगस्ट खरा धंदा ॲडमिशनचा. त्यात २०२५ पासून अकरावीचं ॲडमिशन पूर्ण राज्यात ऑनलाइन झालं, आधी हे नागपूर, अमरावती अशा शहरांपुरतं होतं, त्यामुळे आता घरासमोरच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराचा पसंतीक्रमही मलाच भरून द्यावा लागते. आयटीआयचा फॉर्म वेगळा, पॉलिटेक्निकचा वेगळा. पसंतीक्रम म्हणतात खरं, पण पसंती कुणाची हे मला माझ्या खुर्चीतून स्पष्ट दिसते. पोरगं मागं उभं, बाप स्टुलावर, आणि बापाच्या कानाला फोन, फोनवर नागपूरचा साळा. तो तिकडून सांगते आणि मी इकडे टाइप करते.

आणि एक गंमत सांगते. आमच्याकडे एक सर आहेत, दर १५ ऑगस्टला त्यांचं भाषण असते की देशाला आता डिग्रीवाले नको, कुशल हात पाहिजेत, पोरांनो आयटीआय करा, लाज बाळगू नका. चांगलं बोलतात, टाळ्या पडतात. त्यांच्या मुलाचा फॉर्म माझ्याकडेच भरला. दहाच्या दहा पर्याय सायन्स. मी सहज म्हटलं, सर, पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाचाही एक फॉर्म भरून ठेवायचा का, तर म्हणे "अहो मॅडम, त्याला चांगले मार्क आहेत हो." मला त्यांचा राग नाही आला, खरं सांगते. त्यांनी जे केलं ते सगळेच करतात. हुन्नर शिका हा सल्ला कायम दुसऱ्याच्या पोरासाठी असते.

मी स्वतः डीएड, म्हणजे शिक्षक व्हायचा कोर्स केलेली. आता हसू येते पण त्या वेळेस बारावीनंतर डीएडला नंबर लागणं म्हणजे घरात पेढे, आणि मुलीला डीएडवाला मुलगा मिळाला तर बाप बिनघोर. कॉलेजं तर अशी निघाली होती की एका रस्त्यावर दोन-दोन. मग २०१२ च्या पुढं शिक्षक भरती जवळपास बंदच पडली, २०१७ ला भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि ते ऑनलाइन भरतीचं पवित्र पोर्टल आलं तोवर आमच्या बॅचमधले निम्मे लोक दुसऱ्या कामाला लागून गेले होते, कुणी पतसंस्थेत पिग्मी गोळा करते, कुणी कृषी केंद्रात फवारणीचं औषध विकते, आणि मी हे सेंटर टाकलं. हे यासाठी सांगून राहिले की डीएड हा काही पुस्तकी कोर्स नव्हता, तोही नोकरी देणारा, धंदेवाईक कोर्सच होता. म्हणून कुणी जेव्हा म्हणते की "डिग्री करून काय फायदा, आयटीआय केला की नोकरी पक्की," तेव्हा मला आमची बॅच आठवते. पक्कं काही नसते. एका दारासमोर सगळा जिल्हा येऊन उभा राहिला की ते दार डिग्रीचं असो की हुन्नराचं, आतून बंदच होते.

आयटीआयबद्दल लोकांना वाटते ते ढ पोट्ट्यांचं ठिकाण. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडला दहावी नापासही चालते हे खरं आहे. पण चांगल्या सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियनची नाहीतर फिटरची मेरिट लिस्ट एकदा उघडून बघा, वरची नावं पंच्याहत्तर-ऐंशी टक्केवाल्यांची असतात. पन्नासवाल्याला मामा सांगते तसं "टाकून" देता येत नाही तिथं, त्याला मग खाजगी आयटीआय, आणि तिथं फी वेगळी आणि वर्कशॉपमध्ये काय आहे काय नाही ते रामभरोसे.

माझ्या नणंदेचा मुलगा फिटरला होता. दहावीत गणितात चाळीस. पहिले काही महिने तर नुसतं फायलिंग, लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानसनं घासत बसायचं, सपाट होईपर्यंत. तळहाताला फोड आले, नणंद रडली, म्हणे यापेक्षा वखरामागं गेला असता. मग दिवाळीत तो आमच्याकडे आला तर पिशवीतून दोन तुकडे काढून दाखवले. एकाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारा दात. ते एकमेकात बसवून त्यानं खिडकीकडं धरलं आणि म्हणते, "मामी, पाय, उजेड दिसते का?" नव्हता दिसत. उजेड दिसला की सर जॉब, म्हणजे तो घासलेला तुकडा, परत देतात म्हणे, पुन्हा घास. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप घेतात हे त्यानं मला असं सांगितलं जसं काही ते त्यानंच शोधून काढलं.

पण मला खरं आश्चर्य वाटलं ते पुढच्या वर्षी. लेथ मशीनवर टेपर, म्हणजे एका बाजूनं निमुळता गोल जॉब काढायचा असला तर टूल किती अंशात फिरवायचा हे तो मला माझ्या टेबलावरच्या फॉर्मच्या मागं लिहून दाखवत होता. मोठा व्यास वजा लहान व्यास, भागिले दोनदा लांबी, तो आला टॅन, मग टेबलमधून कोन बघायचा. मी म्हटलं बापू, ही तर त्रिकोणमिती, दहावीत तर तू तो धडा ऑप्शनला टाकला होता. तो म्हणे, "तवा ते कायले पाह्यजे तेच मालूम नोयतं." दहावीच्या पुस्तकात झाड, मनोरा आणि त्यांच्या सावल्या होत्या, आणि त्याला कधी मनोऱ्याची उंची मोजायचं काम पडलं नाही. जॉब वाकडा आला तर मात्र दिवसभराची मेहनत वाया जाते हे त्याला लगेच समजलं. आता तुम्ही सांगा हे शिक्षण डोक्याचं की हाताचं.

हे झालं गोड. पुढचं एवढं गोड नाही. अप्रेंटिसला तो चाकणकडे गेला, एका खोलीत सहा-सात पोट्टे, सगळे आपल्या इकडचेच, यवतमाळ, वाशिम, बुलडाण्याचे, एक गादी दोन शिफ्टचे दोघं वापरतात. वर्ष झालं आणि संपलं. १९६१ चा अप्रेंटिसचा कायदा आहे, त्यात शिकवायचं बंधन आहे, नंतर नोकरी द्यायचं बंधन नाही. मग कॉन्ट्रॅक्टवर, मग ब्रेक, मग दुसरा कॉन्ट्रॅक्टर. गावात मात्र "पोरगा पुण्याले कंपनीत हाय" एवढंच माहीत.

आमच्या बाजार ओळीत मोटर रिवाइंडिंगचं एक दुकान आहे. तो दादा आयटीआयचा वायरमन, पण तो स्वतःच सांगते की आयटीआयत पूर्ण बॅचमध्ये मिळून एकच मोटर बांधली, बाकी सगळं शिकला ते वर्ध्याला एका उस्तादाकडे, आधी नुसती जळकी तार काढायचं काम करून. रब्बीत त्याच्याकडे जाऊन बघण्यासारखं असते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू झालं की डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लोड येते, एखादा फेज जाते, शेतकऱ्याला रात्रीच्या लाइनीत अंधारात कळत नाही, थ्री फेजची मोटर उरलेल्या दोन फेजवर घुंघुं करत राहते, करंट जास्त ओढते आणि जळते. सकाळी मोटरसायकलला बांधून नाहीतर ऑटोत टाकून मोटर दुकानात. तो जळकी वाइंडिंग छिन्नीनं तोडते, पण एक गुंडी अख्खी बाहेर काढते आणि तिचे आटे मोजते, एकेक, आणि मोजताना कुणी बोललेलं त्याला चालत नाही. मग तारेवरचं जळकं इनॅमल घासून मायक्रोमीटरनं जाडी. मग साच्यावर तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या तेवढ्याच आट्यांच्या नव्या गुंड्या, खाचांमध्ये इन्सुलेशनचा कागद, त्यात गुंडी बसवायची, बांधायची, वार्निश, सुकवणं. गुंडी उलटी जोडली गेली तर मोटर नीट फिरतच नाही. आटे कमी पडले तर फिरते पण तापते आणि पुन्हा जळते, आणि दुसऱ्यांदा जळली की शेतकरी गावभर सांगते.

सीझनला त्याला जेवायला फुरसत नसते. कमाई माझ्यापेक्षा जास्त आहे हे मला माहीत आहे कारण त्याचं रिटर्न मीच भरते. आणि तरी त्याला मुलगी मिळायला चार वर्षं लागली. पाहुणे यायचे, चहा प्यायचे, विचारायचे मुलगा काय करते. दुकान आहे म्हटलं की कसलं, रिवाइंडिंगचं म्हटलं की पुढचा प्रश्न, "म्हंजे नोकरी नाई?" त्याच गल्लीतला दुसरा मुलगा बीए करून पुण्याला एमपीएससीची तयारी करून राहिला होता, घरून महिन्याला पैसे जात होते, त्याला स्थळं येत होती. कारण तो उद्या साहेब होऊ शकते. दुकानवाला उद्याही दुकानवालाच. लोक लाइन निवडतात ती पोराला काय जमते हे पाहून नाही, सोयरिकीत काय सांगता येईल हे पाहून, आणि सोयरिकीत "तयारी करून राहिला" हे वाक्य अजून चालते.

बीएबद्दल जास्त लिहीत नाही. आमच्याकडे बीए म्हणजे परीक्षेपुरतं कॉलेज आणि पहाटे हायवेच्या कडेनं पोलीस भरतीची पळापळ, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. भरतीला बारावीच लागते, बीए आपली वयाची सोबत म्हणून.

सायन्सबद्दल मात्र बोलायचं आहे, कारण खरी फसगत तिथं आहे. लोकांना वाटते आयटीआय म्हणजे हात आणि सायन्स म्हणजे डोकं. तुम्ही आमच्या भागातल्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजची प्रयोगशाळा पाहा. कपाटाला कुलूप, आत परीक्षानळ्या, त्यावर जाड धूळ, आणि एक सांगाडा ज्याचा एक हात दोरीनं बांधलेला. फिजिक्सला लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३०, आणि त्या तीसमध्ये सगळ्यांना सत्तावीस-अठ्ठावीस, जर्नल एकानं लिहायचं बाकीच्यांनी उतरवायचं. नीट आणि सीईटीसाठी क्लास नागपूरला, नाव इथल्या कॉलेजात, हजेरी कागदावर. ज्यांच्याजवळ क्लासचे पैसे नाहीत ते इथंच राहतात आणि त्यांना ना क्लास मिळते ना कॉलेज. दोन वर्षांनी सीईटीत वीस-तीस पर्सेंटाइल घेऊन तेच पोट्टे माझ्याकडे येतात, आयटीआयचा फॉर्म भरायला. तोपर्यंत दोन वर्षं गेली आणि वरून "सायन्स जमलं नाही" हा शिक्का. त्यांना सायन्स जमलं नाही असं मी मानायला तयार नाही, त्यांना ते कुणी शिकवलंच नाही.

मागं एका बापासोबत मुलगी आली होती, शाळेतली हुशार, अडुसष्ट टक्के. आयटीआयच ठरलं होतं कारण बारावीनंतरचा खर्च झेपणार नव्हता. बाप म्हणे शिवणकाम टाका. ती मागून हळूच, "इलेक्ट्रिशियन." बाप माझ्याकडे पाहून हसला, "पोरीले पोलवर चढवता काय ताई?" ती म्हणे, "मले पोलवर नाई चढाचं, पॅनल शिकाचं हाये." तिला पॅनल हा शब्द कुठून माहीत तर शाळेजवळच्या जिनिंगमध्ये मोठा भाऊ हमाल, त्याचा डबा द्यायला जायची तेव्हा तिथला कंट्रोल पॅनल दुरुस्त करणारा माणूस तिनं पाहिला होता, तो म्हणे कपड्याला डाग न लागू देता काम करते आणि सगळे त्याची वाट पाहत उभे असतात. मी बापाला सांगितलं की आयटीआयत मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत आणि महावितरणच्या विद्युत सहाय्यकाच्या भरतीत मुली लागतात. पटलं नाही पूर्ण. शेवटी पहिला पर्याय इलेक्ट्रिशियन, दुसरा शिवणकाम असा तह झाला. मी बापाला दोनदा समजावून सांगितलं की पहिला पर्याय मिळाला तर घ्यावाच लागते, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाद. पहिलाच मिळाला. वर्कशॉपच्या बाजूचं मुलींचं बाथरूम कुलूपबंद असते आणि चावी शिपायाकडे, ही तिची तक्रार, बाकी ती मजेत आहे. बाप अजून लोकांना "कॉम्प्युटरचं करते" असं सांगते.

डीएडला आम्हाला वर्धा शिक्षण योजनेवर टीप यायची, हमखास. ऑक्टोबर १९३७, वर्ध्याची परिषद, गांधीजी अध्यक्ष, मग झाकीर हुसेन समिती, सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि मध्यभागी एक मूलोद्योग, कताई म्हणा शेती म्हणा, त्याच्याभोवती गणित, भूगोल, सगळं गुंफायचं. आम्ही ही टीप पाठ करून लिहिली, सेवाग्राम आमच्याहून बसनं दीड-दोन तासांवर आणि एकदाही आम्हाला तिथं नेलं नाही. हाताला काम देऊन शिकवा असं सांगणारी योजना आम्ही घोकून पास झालो, याच्यावर आणखी काय बोलावं.

ही कल्पना मला आवडते, भाच्याचा तो टेपर पाहिल्यावर तर जास्तच. पण एकदा सेंटरवर एक आजोबा नातवाचा जातीचा दाखला काढायला बसले होते आणि मी बोलता बोलता म्हटलं की बाबाजी, नातवाला एखादं हाताचं काम शिकवा. ते शांतपणे म्हणाले, "बाई, हाताचंच काम करत आलो आमी. ढोरं ओढली, मोळ्या वाह्यल्या. आमाले तं कोनं पुस्तकाले हात लावू देल्ला नाई. आता पुस्तक भेटलं तं तुमी म्हनता हातानं काम करा." नातू यवतमाळला बीएस्सीला आहे. त्यांचं चुकीचं आहे असं मी म्हणूच शकत नाही. ज्याला पिढ्यान् पिढ्या हाताचं काम गळ्यात मारलं त्याला हुन्नराची थोरवी सांगणं सोपं असते, सांगणाऱ्याचे हात मऊ असले की आणखी सोपं.

नंतर मी जरा वाचलं. १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या सरकारला अनुसूचित जातींच्या तक्रारींचं निवेदन दिलं, त्यात शिक्षणाच्या मागण्या आहेत. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या वरच्या शिक्षणाला शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिकायला पैसे मागितले, आणि त्याच निवेदनात सरकारी छापखान्यात, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून आमची पोरं घ्या हेही मागितलं. दोन्ही, एकाच वेळी. मला यात फार मोठं उत्तर दिसलं. पोट्ट्याला मार्क किती यावरून एक दार दाखवायचं असं त्यात कुठंच नाही, दोन्ही दारं आमच्यासाठी उघडा एवढंच आहे.

त्यामुळे आता कुणी विचारलं तर मी लाइन सांगत नाही. मी म्हणते आधी जाऊन पाहून या. आयटीआय असली तर वर्कशॉपमध्ये जा, लेथला तेल आहे की गंज आहे ते पाहा, निदेशक किती आहेत आणि एक माणूस दोन ट्रेड सांभाळते का ते विचारा, मागच्या बॅचचे पोट्टे चहाच्या टपरीवर भेटतात, ते खरं सांगतात. कॉलेज असलं तर प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला लावा. आणि दुसरं, हा फैसला जन्माचा नाही हे पोराला ऐकू येईल असं बापाला सांगते. दोन वर्षांची आयटीआय झाली की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आयटीआयवाल्याला बोर्डाचे भाषेचे पेपर देऊन बारावीची समकक्षता मिळते, मग बीए करा की भरतीला पळा, मुक्त विद्यापीठ नाशिकचं आहेच. उलट बारावी सायन्सवालाही आयटीआयला किंवा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला येऊ शकते. हे फार कमी घरात माहीत असते, दहावीच्या निकालाच्या दिवशी तर कुणाच्याच डोक्यात नसते. माझ्या भाच्यालाही मी हेच सांगून राहिले, दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमाचा फॉर्म भर म्हणून. तो म्हणते पुढच्या ब्रेकमध्ये भरतो.

आणि ज्यांची पोरं यंदा दहावीला आहेत त्यांनी नॉन क्रिमीलेअर आणि डोमिसाइल डिसेंबरातच काढून ठेवा. जूनमध्ये सर्व्हर चालत नाही आणि मग तुम्ही माझ्यावर ओरडता.